ट्रॉली आपण भरतो तेव्हा
(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

ज्येष्ठ लागला की आमच्या कौंडण्यपुरात एकच विषय असतो. रुक्मिणी मातेची पालखी. पंढरपूर रखुमाईचं सासर आणि आपलं कौंडण्यपूर माहेर, त्यामुळे पालखी निघाली की माहेरचं माणूस भेटीला निघाल्यासारखंच वाटते. ही वाट चारशे वर्षांहून जुनी. महिनाभरापेक्षा जास्त चालायचं, तेव्हा मंडळी पायी पुढे जाते आणि संसार मागून ट्रॉलीत येतो. जर्मनचे गंज, गव्हाचे कट्टे, पाण्याची टाकी, सिलेंडर, ताडपत्र्या, वळकट्या. चाकावरचं घरच ते.

आज बोलायचं आहे ते ह्या चाकावरच्या घराबद्दल. पालखीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत.

ट्रॅक्टर भाऊ लोक चालवतात, मग आपला काय संबंध, असं वाटेल. मलाही तसंच वाटायचं. आमच्या गटानं दोन वर्षांपूर्वी एका दिंडीच्या स्वयंपाकाचं काम घेतलं. सामान आम्हीच चढवलं. जे शेवटी लागते ते आधी ठेवलं, म्हणजे पुढे वळकट्या आणि ताडपत्र्या. आणि मुक्कामावर पोचल्याबरोबर पाणी आणि धान्य हाताशी पाहिजे म्हणून टाकी, ड्रम, कट्टे सगळं पार मागच्या फळीजवळ. सोयीचं होतं. गाव सोडून पाच-सहा किलोमीटर गेलो नसू, तर ट्रॉली शेपटी हलवावी तशी डावी-उजवीकडे झुलायला लागली. ड्रायव्हरभाऊंनी हळूहळू वेग कमी केला, ब्रेक मारला नाही, म्हणून निभावलं. गाडी थांबली तेव्हा आमच्यातल्या एक आजी खाली उतरून म्हणाल्या, "अवं पोरींनो, गाडी उलार केली तुम्ही!"

उलार हा शब्द ज्यांनी बैलगाडी पाहिली त्यांना सांगायला नको. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचं गणित तेच आहे, फक्त बैलांच्या जागी ट्रॅक्टर आहे. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर टेकलेली असते. मागे वजन जास्त झालं तर दांडी हुकाला वर ढकलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो, त्यांची जमिनीवरची पकड सुटते. आणि ब्रेक तर त्याच चाकांना असतात. मागचं ओझं एकदा झुलायला लागलं की प्रत्येक झोक्याला ट्रॅक्टरला आडवं ओढते. उलट सगळंच पुढे रचलं, तर दांडीवर भार येऊन ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. म्हणून जड सामान चाकांच्या आसावर आणि आसाच्या जरासं पुढे ठेवायचं, तेही तळाशी. हलकं सामान मागे आणि वर. चार चाकांची ट्रॉली असेल तर दांडीवर भार फारसा येत नाही, तिथे ओझं सगळीकडे सारखं पसरायचं.

ऑस्ट्रेलियात लोक मोटारीमागे खोलीएवढी गाडी जोडतात. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. तिला कॅरॅव्हॅन म्हणतात. शेकडो किलोमीटर वस्ती नाही अशा मातीच्या रस्त्यांवर ती ओढत नेतात. तिथला ठोकताळा असा, की मागच्या गाडीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यावा. दीड हजार किलोची गाडी असेल तर दीडशे किलो. आजींचं उलार आणि त्यांचा दहावा भाग, गोष्ट एकच.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पाणी आपल्या ताब्यात असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोन क्विंटल, हजार लिटरची टाकी म्हणजे दहा क्विंटल, टाकीचं वजन वेगळंच. त्यातही अर्धी भरलेली टाकी जास्त त्रास देते. वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावते, ब्रेक मारला की पुढे आदळते. कळशी अर्धी असली की चालताना पाणी जास्त हिंदकळते, तसंच. म्हणून एक मोठी अर्धवट टाकी नेण्यापेक्षा लहान ड्रम काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, दोराने बांधून न्यावेत. वाटेत नळ आहे हे माहीत असेल तर रिकामेच न्यावेत. सिलेंडर उभा, बांधलेला, रेग्युलेटर काढलेला. चुलीसाठी घेतलेलं रॉकेल किंवा डिझेल त्याच्याजवळ नको.

आता आपले रस्ते. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात भेगा, आणि पहिला पाऊस पडला की गारा. डांबरी रस्ता वरून चांगला दिसतो, पण साइडपट्टी आतून फुगलेली असते. समोरून गाडी आली म्हणून ट्रॉलीचं एक चाक साइडपट्टीवर घेतलं आणि ते रुतलं, तर उंच रचलेली ट्रॉली त्या बाजूला कलते. सामान जितकं उंच, तितकी ती लवकर पालथी होते. वळकट्या फळीच्या वर दोन हात गेल्या तरी काय होते, हलक्याच तर आहेत, असं म्हणू नका. पावसात भिजलेली वळकटी उचलून पाहा. पांदण रस्त्यानं शॉर्टकट मारायचा मोह पावसाळ्यात टाळायचाच. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. तासाभरात नाला उतरतो. खाली रपट्याचा काठ आहे की वाहून गेला, हे गढूळ पाण्यातून कोणालाच दिसत नाही.

उताराचं एक. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनाचा अटकाव संपला, सगळा भार ब्रेकवर. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकायचा आणि क्लच दाबायचा नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडलं असतात, शेतात एका चाकावर वळता यावं म्हणून. रस्त्यावर ती खटक्यानं एकमेकांना जोडलेली पाहिजेत. एकच दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन वळतो आणि मागची ट्रॉली त्याच्यावर येते. निघताना नुसतं विचारायचं, "भाऊ, खटका लावला का?" आम्ही पहिल्यांदा विचारलं तेव्हा भाऊ हसले. पण खाली पाहून त्यांनी खटका लावला.

हुकाची पिन जाड पाहिजे आणि तिच्या खाली क्लिप पाहिजे. क्लिपच्या जागी खिळा किंवा तार दिसली तर तिथेच थांबवायचं. शिवाय दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक साखळी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटून मागच्या पायी मंडळींवर जाणार नाही. पहिल्या थांब्यावर चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्यायची. एक चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर त्याचं बेअरिंग जात आहे. हे काम कोणतीही बाई करू शकते, आमच्याकडे ते आता आमचंच आहे.

रात्री चालवायचंच नाही. तरी उशीर झाला तर मागे दिवा आणि रेडियम पट्टी पाहिजे, दोन्ही कडांना, म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते. लाल फडकं रात्री दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये आषाढीच्या तोंडावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पंढरपूरला निघालेल्या भाविकांची बस ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात गेली, पाच जण गेले. ती रात्रीचीच वेळ होती.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी ठेवली, कारण ती बोलली की आमच्याच बैठकीत भांडण होते. ट्रॉलीत बसायचं नाही. ट्रॉली मालासाठी आहे, माणसं वाहायची तिला परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या पैशासाठी घरच्यांनी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या. १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली, २६ जण गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. ४ एप्रिल २०२५ ला आपल्या नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजुरीला निघालेल्या बायांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली. सात बाया गेल्या. त्या रोजीला चालल्या होत्या, हौसेला नाही.

मला माहीत आहे, पायाला फोड आले की ट्रॉलीवरची वळकटी गादीसारखी दिसते. एक काकू मला म्हणाल्या, "तू बीए झाली वं बाई, पण माह्या गुडघ्याले काय सांगू?" त्यांचं चूक नाही. म्हणून आम्ही वर्गणीतच थकलेल्यांच्या तिकिटाचे पैसे धरतो. मार्च २०२३ पासून बाईला एसटीचं तिकीट अर्धं आहे, पंचाहत्तरीच्या पुढे तर फुकट. ज्यांचे पाय दुखतात त्या एसटीनं पुढच्या मुक्कामाला जातात, भाजी चिरायला बसतात. जिथे एसटी नाही तिथे जीप ठरवतो, तिचे पैसे जास्त लागतात आणि दरवर्षी त्यावरून कुरबूर होते. यंदाही झाली.

आमची ट्रॉली परवा भरायची आहे. आजींना आसाजवळ खुर्ची टाकून बसवणार आहोत. कट्टा कुठे ठेवायचा ते त्याच सांगतील.