शिफारशीने घेतलेली उपकरणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना चिकलठाण्याचा विमानतळ मागे पडला की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. 2001 साली येथे स्कोडाचा मोटार कारखाना उभा राहिला, पुढे लीबहेर या युरोपीय कंपनीचे फ्रीज येथे तयार होऊ लागले आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून आखलेल्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन 7 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. या वसाहतीत काम करणारे कामगार, अभियंते आणि कंत्राटी कर्मचारी शेंद्रा, कुंभेफळ, करमाड या गावांत किंवा शहरात घर करून राहतात. आणि मोबाईल, पॉवर बँक, फ्रीज, पाणी शुद्ध करणारे यंत्र किंवा एखादे अ‍ॅप निवडताना त्यांपैकी बहुतेकजण जाहिरातीपेक्षा शिफ्टमधल्या सहकाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा मेव्हण्याच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवतात. हा विश्वास अनाठायी नाही, कारण वस्तू प्रत्यक्ष वापरलेल्या माणसाला विक्रीतून काही मिळवायचे नसते. तथापि अशी शिफारस एका विशिष्ट मॉडेलची, विशिष्ट वर्षाची आणि विशिष्ट जागेची साक्ष असते, हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेक गैरसमज रूढ झाले आहेत.

त्यांतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज ताऱ्यांचा आहे. ‘आमचा फ्रीज पाच स्टारचा आहे, बिल कमी येते, तुम्हीही पाच स्टारच घ्या’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो आणि तो देणाऱ्याचा अनुभव खराही असतो. परंतु तारे ही कायमची पदवी नसून त्या-त्या काळापुरती श्रेणी असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ऊर्जासंवर्धन कायद्यान्वये 2002 साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था, हिने 2006 साली तारांकनाची योजना आणली आणि 2010 पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीजवर, म्हणजे ज्यात बर्फ साचत नाही अशा फ्रीजवर, हे लेबल सक्तीचे झाले. उपकरणे सुधारत जातात तशी ब्युरो ताऱ्यांची पातळी अधिकाधिक कडक करते. 1 जुलै 2022 रोजी एअर कंडिशनरच्या बाबतीत असा बदल झाला, तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत पाच स्टार मिरवणारे मॉडेल, त्यातला एक स्क्रूही न बदलता, साधारणपणे चार स्टारचे ठरले. त्यामुळे सहा वर्षांपूर्वीच्या पाच स्टारची तुलना आजच्या तीन स्टारशी केवळ तारे मोजून करता येत नाही.

तुलना करायची ती लेबलाच्या मध्यभागी छापलेल्या आकड्याशी. दुकानात फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या त्या कागदावर वर ताऱ्यांची कमान असते, तिच्याखाली वर्षाला किती युनिट वीज लागेल हे मोठ्या अक्षरांत दिलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत कंपनीचे नाव, मॉडेल, क्षमता आणि ते लेबल कोणत्या मुदतीसाठी वैध आहे याची नोंद असते. एक फ्रीज वर्षाला 250 युनिट आणि दुसरा 200 युनिट घेत असेल आणि युनिटचा दर 8 रुपये धरला, तर वर्षाला 400 रुपयांचा आणि दहा वर्षांत 4,000 रुपयांचा फरक पडतो. दोन्हींच्या किमतींतला फरक याहून मोठा असेल तर केवळ बचतीच्या आशेने महागडे मॉडेल घेण्यात अर्थ नाही. हे गणित दुकानातच दोन मिनिटांत होते, आणि ते कोणत्याही शिफारशीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

कारखाना घराजवळ असला की त्या कंपनीची वस्तू स्वस्त मिळते आणि दुरुस्तीही लवकर होते, असा समज औद्योगिक वसाहतींच्या परिसरात विशेष आढळतो. वस्तुतः जुलै 2017 पासून लागू असलेला वस्तू व सेवा कर वस्तू कोठे बनली यावर नव्हे, तर ती कोठे विकली जाते यावर आकारला जातो. विक्री वितरकांच्या साखळीतून होते. आणि दुरुस्तीचा वेग अधिकृत सेवा केंद्र किती जवळ आहे, सुटे भाग किती दिवसांत येतात, यांवर ठरतो. कारखान्याच्या फाटकापासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या ग्राहकालाही सुटा भाग बहुधा त्याच साखळीतून मिळतो.

‘याला स्टॅबिलायझर लागत नाही’ हे वाक्यही असेच अर्धे सत्य आहे. भारतात घरगुती विजेचा ठरलेला दाब 230 व्होल्ट आहे आणि स्टॅबिलायझरशिवाय चालणारे उपकरण त्याच्या माहितीपत्रकात छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्येच सुरक्षित चालते. ऑरिकमध्ये वीज जमिनीखालच्या केबलमधून येते, तर आसपासच्या अनेक गावांत ती खांबांवरच्या तारांतून येते आणि शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो. त्यामुळे एकाच मॉडेलबद्दल वसाहतीतला रहिवासी आणि गावातला रहिवासी यांचे अनुभव वेगळे असले, तरी दोघेही खरेच बोलत असतात.

जागेचा हा मुद्दा पाण्याच्या यंत्राइतका अन्यत्र कोठेही निर्णायक ठरत नाही. संभाजीनगर शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून, पाणी मिळते. गावांत आणि नव्या वस्त्यांत मात्र बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरात असते. बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या भूजलात क्षार अधिक असण्याचा संभव असतो. अशा पाण्यासाठी आरओ, म्हणजे अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पाणी गाळून क्षार वेगळे काढणारे यंत्र, उपयुक्त असते; पण ज्याच्या घरी धरणाचे गोडे पाणी येते त्याने बोअरवाल्या मित्राची शिफारस प्रमाण मानून तेच यंत्र घेतले, तर आवश्यक क्षारही निघून जातात आणि पाणी वाया जाते ते वेगळेच. जुन्या पद्धतीच्या घरगुती यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर पाणी मोरीत सोडले जाते, आणि मराठवाड्यात ही नासाडी किरकोळ म्हणता येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेल्या एकूण क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि त्याहून कमी टीडीएस असलेल्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंधन आणावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 साली दिला होता.

याला जोडून येणारा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, तो म्हणजे टीडीएस कमी असलेले पाणी शुद्धच असते हा. टीडीएस मीटर पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतो आणि तीवरून क्षारांचा अंदाज देतो. कावीळ किंवा जुलाब होण्यास कारणीभूत असलेले जंतू त्याला दिसत नाहीत. धरणाच्या पाण्याला खरी गरज असते ती जंतू मारण्याची, आणि त्यासाठी अतिनील किरणांचे यंत्र किंवा पाणी उकळणे पुरेसे ठरू शकते. दारोदार फिरणारे विक्रेते करून दाखवतात तो प्रयोगही येथे समजून घ्यावा. दोन पेल्यांत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली जाते, नळाचे पाणी तांबूस-काळपट होते, आरओचे जवळजवळ स्वच्छ राहते, आणि घरातील मंडळी हादरतात. प्रत्यक्षात तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे लोखंडाची कांडी झिजते आणि तिचाच गाळ पाण्यात उतरतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. उत्तम पिण्यायोग्य पाणीही या प्रयोगात नापास होते. भीती घालून यंत्र विकण्याचा हा प्रकार फसवणुकीचाच आहे.

कंपनीच्या नावावरील निष्ठा हा आणखी एक विषय, आणि त्याबाबत या जिल्ह्याला इतरांना सांगण्यासारखा अनुभव आहे. पैठण रस्त्यावरील चितेगावच्या व्हिडिओकॉनचे टीव्ही एके काळी मराठवाड्यातल्या दिवाणखान्यांचा भाग होते. 2018 साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नाव मोठे असल्याने वस्तूमागची सेवा कायम राहील, हा हिशेब असा एकाएकी चुकू शकतो. उलट बाजूने, नाव टिकते आणि त्यामागचा उत्पादक बदलतो असेही घडते. नोकियाच्या जुन्या, पडूनही न फुटणाऱ्या फोनची आठवण सांगत कोणी आजच्या नोकियाची शिफारस करतो, तेव्हा 2016 नंतरचे बहुतांश नोकिया फोन एचएमडी ग्लोबल या वेगळ्या कंपनीने नाव वापरण्याचा परवाना घेऊन बाजारात आणले, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. म्हणून शिफारस विचारताना ‘कोणत्या कंपनीचा?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणते मॉडेल, कधी घेतले?’ हे विचारणे भाग आहे.

मोबाईलच्या बाबतीत तर ‘कधी’ या प्रश्नाला दुहेरी महत्त्व आहे. फोन हँग होत नाही, कॅमेरा भारी आहे, ही शिफारस यंत्राबद्दल असते. पण फोन किती वर्षे सुरक्षित राहील हे कंपनी सुरक्षा अद्यतने, म्हणजे सापडलेल्या त्रुटी बुजवणाऱ्या सुधारणा, कधीपर्यंत पुरवते यावर ठरते. ही मुदत बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जाते, ग्राहकाने तो विकत घेतला त्या दिवसापासून नाही. म्हणजे मित्राने दोन वर्षांपूर्वी घेतलेले मॉडेल आज स्वस्तात मिळाले तरी त्याचे दोन वर्षांचे आयुष्य सरलेले असते. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात शेवटच्या सुरक्षा अद्यतनाची तारीख दिसते. जुना फोन विकत घेताना ती पाहावी, आणि *#06# दाबून मिळणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तपासावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तेथे उघडा पडतो.

पॉवर बँकेवरील आकडा मात्र जवळजवळ सर्वांनाच चकवतो. 10,000 एमएएच क्षमतेच्या पॉवर बँकेतून 5,000 एमएएच बॅटरीचा फोन दोनदा पूर्ण भरेल, असे समजले जाते आणि तसे झाले नाही की वस्तू बनावट ठरवली जाते. तो आकडा आतील सेलच्या सुमारे 3.7 व्होल्ट दाबावर मोजलेला असतो. बाहेर येणारी वीज 5 व्होल्टवर येते, त्यामुळे हिशेबानेच 7,400 एमएएच उरतात आणि रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. अनेक पॉवर बँकांच्या मागील बाजूस हा खरा मिळणारा आकडा बारीक अक्षरांत छापलेलाही असतो. बनावट माल ओळखण्याचा मार्ग वेगळा आहे : भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाजवळ ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे हे कळते.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने फोनची बॅटरी ‘फुगते’ हा समजही तपासण्याजोगा आहे. बॅटरी भरली की आधुनिक फोन वीज घेणे स्वतःच थांबवतो. बॅटरीचे आयुष्य खरे खाते ती उष्णता. अनेक कारखान्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेण्यास मनाई असते आणि म्हणून तो उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीच्या डिकीत ठेवला जातो. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना डिकीत काढलेली एक शिफ्ट रात्रभराच्या चार्जिंगपेक्षा बॅटरीला कितीतरी अधिक अपायकारक असते.

सॉफ्टवेअरच्या शिफारशींत दोन परस्परविरोधी गैरसमज एकत्र नांदतात. फुकटचे सॉफ्टवेअर म्हणजे व्हायरस, असे काहींना वाटते. मित्राने पाठवले आहे म्हणजे सुरक्षित, असे इतरांना वाटते. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्माला आला आणि लिब्रेऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच 2010 पासून स्वयंसेवकांच्या समुदायाकडून विकसित होत आहे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांची आज्ञावली कोणालाही वाचता येते, आणि दोन्ही विनामूल्य असून भरवशाचे आहेत. अँटिव्हायरसचेही असेच. पुण्याच्या क्विक हीलने 1990 च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या संगणकांवर आपले स्थान निर्माण केले, परंतु विकत घेतलेल्या अँटिव्हायरसविना संगणक उघडाच असतो हे आता खरे नाही, कारण विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर प्रणालीतच अंतर्भूत असतो.

खरा धोका सॉफ्टवेअरच्या किमतीत नसून ते ज्या वाटेने फोनमध्ये येते त्या वाटेत आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाने फिरणाऱ्या, जास्तीच्या सोयी देणाऱ्या अनधिकृत आवृत्त्या मूळ कंपनीच्या नाहीत आणि त्या वापरणाऱ्यांची खाती बंद केली जाऊ शकतात. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती किंवा पीएम-किसानचा हप्ता अशा नावांनी येणारी एपीके, म्हणजे अधिकृत अ‍ॅप-दुकानाला वळसा घालून थेट फोनवर बसवायची फाइल, ही तर बँक खाते रिकामे करण्यासाठीच बनवलेली असते. ती बहुधा ओळखीच्याच क्रमांकावरून येते, कारण त्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पाठवणारा ओळखीचा आहे हा येथे कोणताच पुरावा ठरत नाही. पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका उशीर होईल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी होते.

शेवटचा समज असा की मित्राच्या सल्ल्याने घेतलेली वस्तू बिघडली तर सोसण्यावाचून इलाज नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने सदोष वस्तूबद्दल उत्पादक आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरण्याची तरतूद केली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतक्रमांकावर प्रथम तक्रार करता येते, तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्क आकारले जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो आणि खरेदीचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे बिल. ‘ओळखीतला दुकानदार आहे’ म्हणून बिल न घेणाऱ्याने हा हक्क स्वतःहून कमकुवत केलेला असतो.