संकेतस्थळाच्या नावाचे स्थलांतर

शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था आणि काही बागायतदार आपला माल ग्राहकांस थेट विकता यावा म्हणून स्वतःचे संकेतस्थळ चालवू लागले आहेत. आंब्याच्या पेटीवर, द्राक्षांच्या खोक्यावर, गुळाच्या वेष्टनावर या संकेतस्थळाचे नाव छापलेले असते. गिऱ्हाईक एकदा या नावाशी परिचित झाले म्हणजे ते नाव मालाच्या छापाइतकेच मोलाचे होते. तथापि हे नाव कोणाच्या नावे नोंदविलेले आहे व त्याची मुदत केव्हा संपते, याची चौकशी पुष्कळ संस्थांत कोणी केलेली नसते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या इसमाने पहिल्या वर्षी सर्व व्यवस्था केली, एवढेच संचालकांस ठाऊक असते. पुढे दर वाढले किंवा तो इसम फोन उचलेनासा झाला म्हणजे नाव दुसरीकडे नेण्याचा विचार सुरू होतो, आणि बहुधा तो ऐन हंगामात सुरू होतो.

येथे तीन गोष्टींची गल्लत होते. संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात. ते नाव टाइप करणाऱ्यास कोठे न्यावयाचे हे सांगणारी नोंद. आणि प्रत्यक्ष पाने व छायाचित्रे जेथे साठविलेली असतात ती होस्टिंगची जागा, या तिन्ही निरनिराळ्या आहेत. दुकानाची पाटी, तेथे नेणारी वाट आणि दुकानाचा गाळा यांत जेवढा फरक, तेवढाच यांत समजावा. पाटीची नोंदणी बदलली म्हणून गाळा बदलावा लागत नाही.

नाव कायमचे विकत मिळत नाही. ते मुदतीच्या पट्ट्याने, एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी मिळते. डॉट इन व डॉट भारत या नावांचे मुख्य दप्तर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच निक्सी, ही संस्था सांभाळते. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम 1998 साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था घालून देते. ग्राहकाचा संबंध मात्र त्यांची मान्यता असलेल्या एखाद्या नोंदणी कंपनीशी येतो. नावाचे स्थलांतर म्हणजे ही नोंदणी कंपनी बदलणे होय.

सर्वप्रथम पाहावयाचे ते हे की, नाव नोंदविताना धारक म्हणून कोणाचे नाव घातले आहे आणि कोणता ईमेल पत्ता दिला आहे. जमिनीच्या व्यवहारात आधी सातबारा पाहतात, त्याच जातीचे हे काम आहे. संकेतस्थळ बनविणाऱ्याने स्वतःचेच नाव व स्वतःचाच ईमेल दिलेला असेल, तर पैसे संस्थेने भरले असूनही दप्तरी धारक तोच ठरतो. संबंध चांगले आहेत तोवरच ही दुरुस्ती करून घ्यावी. बिघडल्यावर ती करणे फार कष्टाचे होते. ईमेलही एखाद्या संचालकाचा खाजगी नसावा. तो संस्थेचा असावा, आणि ज्या नावाचे स्थलांतर व्हावयाचे आहे त्याच नावावर चालणारा नसावा. नाहीतर नाव बंद पडताच ते सोडविण्याची पत्रेही पोहोचत नाहीत.

या दुरुस्तीत एक अडचण आहे. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत धारकाचे नाव किंवा ईमेल बदलला म्हणजे साधारणपणे 60 दिवस स्थलांतरास मनाई होते. काही कंपन्या ही मनाई आधी अर्ज केल्यास माफ करतात, परंतु तो अर्ज बदलापूर्वीच करावा लागतो. नवी नोंदणी किंवा नुकतेच झालेले स्थलांतर यांनंतरही असाच थांबा असतो. डॉट इनचे नियम पुष्कळसे सारखे असले तरी ते नव्या कंपनीकडून आधी समजून घ्यावेत. म्हणून ज्यांची आंब्याची विक्री मार्चमध्ये सुरू होते, त्यांनी हे काम पावसाळ्यात हाती घ्यावे. मुदत संपण्याच्या तोंडावर तर ते मुळीच काढू नये. मुदत उलटून डॉट कॉमचे नाव एकदा रद्द झाले की ते सोडविण्यास 30 दिवस मिळतात व त्यास जबर आकार पडतो. त्यानंतर आणखी 5 दिवसांनी ते कोणासही घेण्यास मोकळे होते.

प्रत्यक्ष कृती त्या मानाने सोपी आहे. जुन्या कंपनीच्या खात्यात जाऊन नावास लावलेले कुलूप काढावे आणि ऑथ कोड, म्हणजे परवानगीचा गुप्त शब्द, मागून घ्यावा. ऑथ कोड ही नावाची किल्ली आहे. एटीएमच्या पिनप्रमाणे तो जपावा व व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. नव्या कंपनीकडे तो देऊन शुल्क भरावे. हे शुल्क बहुधा एका वर्षाच्या मुदतवाढीचे असते, व ते वर्ष शिल्लक मुदतीस जोडले जाते. जुन्या कंपनीने हरकत घेतली नाही तर सुमारे 5 दिवसांत स्थलांतर आपोआप पुरे होते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून कंपनी निवडणे मात्र शहाणपणाचे नाही. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणास काय पडेल, ते विचारावे.

संकेतस्थळ मध्येच बंद पडते ते बहुधा वाटेच्या नोंदींमुळे. या नोंदी जुन्या कंपनीच्याच नेमसर्व्हरवर असतील, तर नाव गेल्यावर ती त्या पुसून टाकण्याचा संभव असतो. मग पाने जागच्या जागी असूनही गिऱ्हाईक तेथे पोहोचत नाही आणि मागणीची ईमेलही येत नाही. याकरिता सर्व नोंदी, विशेषतः ईमेलच्या, आधी उतरवून घ्याव्यात, त्या नव्या नेमसर्व्हरवर भराव्यात, आणि संकेतस्थळ तेथून दोन-तीन दिवस नीट चालते असे पाहूनच नाव हलवावे. होस्टिंग त्याच सुमारास बदलावयाचे असल्यास ते काम वेगळे काढावे.

स्थलांतर पुरे झाल्यावर कुलूप पुन्हा लावावे, धारकाचे नाव व मुदतीची तारीख तपासून संस्थेच्या दप्तरात लिहून ठेवावी, आणि जुन्या कंपनीस बँकेतून आपोआप पैसे जाण्याची सोय असल्यास ती बंद करावी. होस्टिंग अद्याप त्याच कंपनीकडे असेल, तर त्याचे पैसे तेवढे चालू ठेवावेत.