ट्रेलरच्या टाकीतले पाणी: भार, हिंदकळ आणि शुद्धता

कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे चाकांवरचे छोटे घर, आणि त्यातील गोड्या पाण्याची टाकी म्हणजे स्वयंपाक, भांडी, अंघोळ आणि हातपाय धुणे यांसाठी लागणारे स्वच्छ पाणी बरोबर नेण्याची, बहुधा जमिनीलगत किंवा बैठकीखाली बसवलेली प्लास्टिकची टाकी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारल्यापासून अशा चाकांवरच्या घरांविषयीचे कुतूहल मराठी वाचकांत वाढले असले, तरी त्यातील पाण्याविषयीचे ज्ञान मात्र बरेचसे ऐकीव आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जयेंद्रगंजातून निघून शिवपुरी, गुणा, इंदूर, धुळे या वाटेने जुन्या आग्रा-मुंबई रस्त्यावर सुमारे हजार किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने हे ज्ञान विशेष महत्त्वाचे ठरते, कारण या वाटेवर उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, घाट लागतात, आणि मुक्कामाच्या जागी मिळणाऱ्या पाण्याची खात्री देता येत नाही. लष्कर ही वस्तीच मुळात १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या सैन्याच्या छावणीतून उभी राहिली, आणि त्या काळच्या छावण्यांना पाणी पुरवले जाई ते रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवरील पखालींतून. त्यामुळे पाणी बरोबर घेऊन चालणे ही या गावाला नवी गोष्ट नव्हे.

सर्वांत रुजलेला गैरसमज असा की, टाकी पूर्ण भरली तर वजन वाढते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर वाटेत अडचण होते, म्हणून अर्धी टाकी हा सर्वांत सुरक्षित मध्यममार्ग आहे. वस्तुतः वजन निम्मे होते एवढेच यात खरे आहे. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो, म्हणून २०० लिटरांच्या टाकीऐवजी १०० लिटर नेले तर १०० किलो भार वाचतो, यात शंका नाही. पण काठोकाठ भरलेल्या टाकीतील पाण्याला हलायला जागाच नसते आणि ते जवळजवळ घन वस्तूप्रमाणे वागते, रिकाम्या टाकीत हलण्यासारखे काही नसते, आणि अर्ध्या टाकीत मात्र पाण्याचा मोकळा पृष्ठभाग सर्वांत जास्त उपद्रव देतो. एक मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच अशी टाकी निम्मी भरलेली असताना गाडीने गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या तीव्रतेने, म्हणजे बऱ्यापैकी जोराने, ब्रेक मारला, तर पाण्याचा पृष्ठभाग तिरपा होऊन मागच्या बाजूस तळाला टेकतो आणि पुढच्या बाजूस छताला भिडतो, आणि सगळ्या पाण्याचा गुरुत्वमध्य सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. ब्रेक सोडल्यावर ते पाणी परत मागे येते आणि साधारण दीड सेकंदाला एक या गतीने पुढेमागे हिंदकळत राहते. ट्रेलर नागमोडी डोलू लागला तर त्या डोलण्याची लयही बऱ्याचदा एकदोन सेकंदांचीच असते, म्हणून रुंदीच्या दिशेने पसरलेल्या टाकीतील हिंदकळ आणि ट्रेलरचे डोलणे एकमेकांना साथ देण्याची शक्यता कागदावर तरी नाकारता येत नाही.

तरीही या हिंदकळीचा बाऊ करण्याचे कारण नाही, आणि दुसरा गैरसमज नेमका इथेच जन्मतो. अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर वळणावर उलटल्याच्या बातम्या वाचून, ट्रेलरच्या टाकीतील पाणीही गाडी उलटवील असे मानले जाते. पण टँकरमध्ये हजारो लिटर पाणी वाहनाच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा असते आणि ते उंचावर असते. ट्रेलरच्या टाकीतील शंभर लिटर पाणी बहुधा आसाच्या पातळीजवळ, खाली असते. वर सांगितलेल्या उदाहरणात पाणी १७ सेंटिमीटर सरकल्याने, आस आणि जोडणी यांत तीन मीटरांचे अंतर धरल्यास, जोडणीवरचा भार क्षणभर पाचसहा किलोंनी बदलतो. ही गोष्ट जाणवेल, पण गाडी उलटवणार नाही. टाकीत बॅफल, म्हणजे पाण्याच्या उसळीला अडवणारे भोके असलेले आडवे पडदे, असतील तर तोही प्रश्न बराच सौम्य होतो.

खरा धोका आहे तो टाकी कुठे बसवली आहे यात, आणि तिकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. मोटारीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचा जो भाग टेकतो त्याला हिच म्हणतात, आणि ट्रेलरच्या एकूण वजनापैकी जो भाग तिथे खाली दाबतो त्याला हिचवरचा भार म्हणतात. हा भार फार कमी झाला की ट्रेलरचे शेपूट जड होते, आणि वेग वाढताच तो डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो. एकदा झोके सुरू झाले की चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरांत हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस असते, युरोपीय रचनेच्या हलक्या ट्रेलरांत तो याहून कमी असतो, म्हणून उत्पादकाने दिलेला आकडाच प्रमाण मानला पाहिजे. समजा, १००० किलोंच्या ट्रेलरचा हिचवरचा भार १०० किलो आहे आणि हिचपासून आस तीन मीटरांवर आहे. आता आसाच्या एक मीटर मागे असलेल्या टाकीत १०० लिटर पाणी भरले, तर हिचवरचा भार ३३ किलोंनी घटून ६७ वर येतो, आणि ११०० किलोंच्या ट्रेलरसाठी तो केवळ ६ टक्के उरतो. तेच पाणी आसाच्या एक मीटर पुढे भरले तर भार १३३ किलोंवर, म्हणजे १२ टक्क्यांवर जातो. पाणी तेवढेच, टाकी तेवढीच, आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध. हे न पाहता अर्धी भरावी की पाऊण यावर घातलेला वाद म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

याच हिशोबातून एक आणखी चूक उघड होते, जी अनुभवी प्रवाशांकडूनही होते. पाणी वापरले की ट्रेलर हलका होतो असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात धुणेभांडी आणि अंघोळीचे पाणी सांडपाण्याच्या टाकीत जमते आणि वजन तसेच राहून केवळ जागा बदलते. गोड्या पाण्याची टाकी आसाच्या एक मीटर पुढे आणि सांडपाण्याची एक मीटर मागे असेल, तर शंभर लिटर पाणी वापरल्यावर वजन ११०० किलोच राहते, पण हिचवरचा भार १३३ वरून ६७ वर उतरतो. सकाळी निघताना स्थिर असलेला ट्रेलर दोन मुक्कामांनंतर डोलू लागला, तर दोष रस्त्याचा किंवा वाऱ्याचा नसून सांडपाण्याचा असू शकतो. म्हणून सांडपाणी योग्य जागी रिकामे करून मगच पुढची वाट धरणे ही स्वच्छतेइतकीच स्थैर्याचीही बाब आहे. हिचवरचा भार मोजणे कठीणही नाही: सपाट जमिनीवर, जोडणीच्या उंचीला आधार देऊन त्याखाली पुरेशा क्षमतेचा वजनकाटा ठेवता येतो, आणि ट्रेलरचे एकूण वजन महामार्गावरील धर्मकाट्यावर, ज्याला महाराष्ट्रात वजनकाटा किंवा भुईकाटा म्हणतात, काही मिनिटांत कळते.

म्हणजे टाकी सदैव काठोकाठ भरूनच निघावे काय? तेही बरोबर नाही. काही ट्रेलरांत टाकी चौकटीखाली केवळ पट्ट्यांनी लटकवलेली असते, आणि खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना बसणाऱ्या दणक्यात शंभर किलोंचे पाणी क्षणभर दोनशे किलोंइतका ताण देऊ शकते. अशा ट्रेलरांचे उत्पादक प्रवासात टाकी रिकामी किंवा मर्यादित भरलेली ठेवण्यास सांगतात, आणि ती सूचना मानावीच लागते. शिवाय ट्रेलरच्या आसाची आणि ओढणाऱ्या मोटारीची भारमर्यादा ठरलेली असते, आणि पाणी, गॅस, अन्न, कपडे यांची बेरीज ती ओलांडू लागली तर पहिला बळी पाण्याचाच द्यावा, कारण ते वाटेत पुन्हा मिळू शकते. त्यामुळे निर्णयाचा क्रम असा की, आधी उत्पादकाची मर्यादा, मग टाकीची जागा, आणि त्यानंतरच भरण्याचे प्रमाण. या तिन्हींत बसत असेल तर शेवटच्या खात्रीच्या ठिकाणी टाकी भरावी. मुक्कामाला नळ निश्चित असेल तर पन्नासेक किलोमीटरांसाठी शंभर किलो ओढण्यात अर्थ नाही.

वजनाइतकेच, किंबहुना अधिक, गैरसमज शुद्धतेविषयी आहेत. ग्वाल्हेरचे नळपाणी प्रामुख्याने सांक नदीवरील तिघरा धरणातून येते, आणि शुद्धीकरणानंतर त्या पाण्यात क्लोरिन मिसळलेला असतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, ग्राहकाच्या नळापाशी प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असावा असे सांगते. हा उरलेला क्लोरिनच पुढे टाकीत वाढू पाहणाऱ्या जंतूंना रोखतो. जयेंद्रगंजातील घराच्या गच्चीवरच्या टाकीत ते पाणी उन्हात तापत दोन दिवस थांबले असेल तर तो क्लोरिन आधीच उडून गेलेला असतो, म्हणून ट्रेलरची टाकी गच्चीच्या टाकीतून न भरता, पाणी येण्याच्या वेळी थेट नळावरून भरणे केव्हाही श्रेयस्कर.

याच्या अगदी उलट समज असा की, घरच्या आरओ यंत्राचे पाणी भरले की चिंता मिटली. आरओ यंत्रातील सक्रिय कोळशाची गाळणी क्लोरिन काढून टाकते, कारण तो पटलाला अपाय करतो. परिणामी यंत्रातून निघताना पाणी शुद्ध असले तरी त्याला पुढे कोणतेही संरक्षण उरत नाही, आणि टाकीच्या भिंतीवर आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या चिकट थरात ते नळपाण्यापेक्षा लवकर दूषित होते. आरओचे पाणी वेगळ्या, झाकणाच्या भांड्यात पिण्यासाठी न्यावे. टाकीसाठी क्लोरिनयुक्त नळपाणीच योग्य. त्याचप्रमाणे खिशातल्या मापकावर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, १५० आले म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही. मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० आहे, पण हा आकडा चव आणि क्षार यांविषयी बोलतो, जंतूंविषयी नाही. गढूळ नाल्याचे पाणीही त्या मापकावर उत्तम ठरू शकते. जंतूंपासूनच्या संरक्षणाचा अंदाज हवा असेल तर ग्रामपंचायतीचे कर्मचारी करतात ती ओटी टेस्ट, म्हणजे थेंबभर रसायनाने पाणी पिवळे होते का ते पाहण्याची क्लोरिन चाचणी, अधिक उपयोगी.

वाहते पाणी निर्मळ असते या समजुतीवरून, प्रवासात सतत हलणारे पाणी खराब होत नाही असेही काही जण मानतात. टाकीतील पाणी हलते, पण वाहत नाही. नवे येत नाही आणि जुने जात नाही, उलट हिंदकळीने आणि उष्णतेने क्लोरिन अधिक लवकर निघून जातो. सुमारे २५ ते ४५ अंश हे तापमान लिजिओनेला नावाच्या जिवाणूला मानवते, जो पिण्यातून नव्हे तर शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया घडवू शकतो, आणि मे महिन्यातील ग्वाल्हेर ते इंदूर या वाटेवर उन्हात उभ्या ट्रेलरची टाकी नेमकी याच पट्ट्यात असते. त्यामुळे साठलेले पाणी फक्त अंघोळीचे आहे, पिण्याचे नाही, म्हणून चालेल, हा युक्तिवाद टिकत नाही.

चाकांवरून पाणी नेताना किती काळजी घ्यावी लागते याचे मोठे उदाहरण मराठी वाचकाला ठाऊक आहे. दुष्काळात होरपळणाऱ्या लातूरसाठी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे तिथे पोहोचली. दहा टँक-वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, आणि त्या वाघिणी आधी राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत वाफेने धुऊन घेतल्या होत्या. एवढे करूनही ते पाणी थेट घराघरांत गेले नाही; ते स्थानकाजवळ उतरवून शुद्धीकरणास नेण्यात आले. भांडे स्वच्छ करणे आणि पाणी शुद्ध करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, हे तिथल्या यंत्रणेने जाणले होते.

ट्रेलरच्या टाकीसाठी भांडे स्वच्छ करण्याची रीत साधी आहे. प्रति लिटर ५० मिलिग्रॅम क्लोरिनचे द्रावण तयार करायचे, म्हणजे शंभर लिटरांना पाच ग्रॅम क्लोरिन. ताज्या टीसीएल पावडरीत, जिला ब्लीचिंग पावडर असेही म्हणतात, सुमारे एक तृतीयांश क्लोरिन असतो, त्यामुळे १५ ग्रॅम पावडर पुरते, तर ५ टक्क्यांचे सुगंधविरहित हायपोक्लोराइट द्रावण असेल तर १०० मिलिलिटर. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतून टाकी भरावी, आणि क्लोरिनचा वास येईपर्यंत प्रत्येक तोटी, शॉवरसुद्धा, उघडून ठेवावी, कारण नळ्या राहून गेल्या तर अर्धेच काम होते. चार तास तसेच राहू देऊन सगळे पाणी काढून टाकावे आणि वास जाईपर्यंत टाकी साध्या पाण्याने खळबळून घ्यावी. उघडून ठेवलेल्या पुड्यातील टीसीएलची शक्ती दिवसेंदिवस घटते, आणि संडास साफ करण्याच्या आम्लाशी तिचा संपर्क आला तर विषारी वायू निघतो, या दोन गोष्टी विसरता कामा नयेत. भरण्याची नळीही बागेची नसून पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली असावी, आणि तिची दोन्ही टोके प्रवासात झाकलेली असावीत. प्रवास संपल्यावर टाकी, नळ्या आणि गिझर पूर्ण रिकामे करून झाकणे उघडी ठेवून वाळवावीत. पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून पाहिली, तर टाकी आतून कशी आहे याचा अंदाज तिच्यावरील बुळबुळीत थरावरूनच येतो.