पराभवाचा करारनामा

फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील टॅम्पा शहरात १९७६ साली जो व्यावसायिक फुटबॉल-संघ आपला पहिलाच मोसम खेळला आणि चौदापैकी चौदाही सामने हरला, त्याच्या नावावर अमेरिकेत पुढे दीर्घकाळ विनोद खपले, दूरचित्रवाणीवरील जॉनी कार्सनसारख्या विनोदवीराला तर तो संघ म्हणजे हुकमी विषयच होऊन बसला. परंतु या पराभवाची कारणमीमांसा करू पाहणाऱ्याने मैदानाकडे वळण्यापूर्वी लीगचे दफ्तर उघडावे, असे माझे मत आहे.

येथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकेतील फुटबॉल. लंबगोल चेंडू घेऊन अकरा जणांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. अखेरच्या रेषेपार नेल्यास टचडाउनचे सहा गुण, खांबांमधून लाथाडल्यास तीन. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकते खरे, तथापि त्याच्या पुढे उभी असलेली धिप्पाड गड्यांची फळी ढासळली, की त्याची सारी विद्या व्यर्थ जाते.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये तेव्हा २६ संघ होते. त्यांत टॅम्पा बे बक्कनियर्स आणि सिअ‍ॅटल सीहॉक्स या दोघांची भर पडावयाची होती, आणि त्यासाठी ठरलेली रीत अशी, की प्रत्येक जुन्या संघाने आपले मोलाचे खेळाडू आधी राखून ठेवावेत आणि उरलेल्यांतून तीन-तीन गमवावेत. या हिशेबाने ७८ खेळाडू निघाले व प्रत्येक नव्या संघाच्या वाट्याला ३९ आले. भाऊबंदांनी बागाईत आपसांत ठेवून नव्या हिस्सेदाराच्या नावे वरकस जमिनीचा सातबारा करून द्यावा, तसाच हा व्यवहार होता. वय झालेले, दुखापतींनी खिळखिळे झालेले, अथवा मूळ संघाच्या प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेले गडी टॅम्पात गोळा झाले, आणि खेळाडूंच्या संघटनेशी चाललेल्या कज्ज्यामुळे ही वाटणीही लांबत लांबत मार्चअखेरीस उरकली गेली.

मालक ह्यू कल्व्हरहाउस हे जॅक्सनव्हिलचे कर-वकील होते. त्यांनी प्रशिक्षक म्हणून आणले जॉन मॅके यांना, ज्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला १९६२, १९६७, १९७२ व १९७४ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली होती. क्वार्टरबॅक स्टीव्ह स्परियर हा फ्लॉरिडा विद्यापीठाचा जुना नायक, महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूस दिल्या जाणाऱ्या हाइझमन पारितोषिकाचा १९६६ चा मानकरी. सॅन फ्रान्सिस्कोत बहुतेक वर्षे दुय्यम जागेवर काढून तो आता स्वतःच्या प्रांतात परतला होता. मॅके यांची जीभ मोठी तिखट. आपल्या गड्यांना अडवणे जमले नाही, पण ती उणीव त्यांनी प्रतिपक्षाला न पाडून भरून काढली, अशा अर्थाचे त्यांचे एक वचन आजही सांगितले जाते. मला मात्र या विनोदामागे एक प्रकारची अगतिकता दिसते. महाविद्यालयात गुणी मुले स्वतः हेरून आणण्याची मुखत्यारी ज्याच्या हाती होती, त्याला येथे दुसऱ्यांनी टाकून दिलेल्यांवर संसार करावयाचा होता.

ह्यूस्टनकडून २०-०, सॅन डिएगोकडून २३-० अशी सुरुवात झाली. तिसऱ्या सामन्यात बफेलोविरुद्ध नऊ गुण मिळाले, तेही केवळ लाथांचे. संघाचा पहिला टचडाउन चौथ्या सामन्यात बाल्टिमोरविरुद्ध झाला, तोही प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू उचलून बचावफळीतील डॅनी रीस धावत सुटला म्हणून. गतविजेत्या पिट्सबर्गने ४२-० अशी धूळ चारली. मोसमाची एकूण जमा १२५, खर्च ४१२. पाच सामन्यांत जमेची बाजू कोरीच.

यांतला १७ ऑक्टोबरचा सामना अवश्य निराळा पाहावा, कारण त्या दिवशी दोन्ही नवे संघ टॅम्पात समोरासमोर आले. पंचांनी दोहोंना मिळून ३५ दंड ठोठावले, ज्यांची भरपाई ३१० यार्ड झाली, म्हणजे मैदानाची लांबी तीनदा मोजून झाली! टॅम्पाचा इतिहासातील पहिला फेकीवरचा टचडाउन याच सामन्यात झाला, आणि तो फेकला क्वार्टरबॅकने नव्हे, तर लुई कार्टर या धावणाऱ्या गड्याने. १३-१० अशी पिछाडी असताना शेवटच्या मिनिटात बरोबरी साधू शकणारी लाथ बसली, आणि सिअ‍ॅटलच्या माइक कर्टिसने ती अडवली. सिअ‍ॅटलने त्या साली दोन सामने जिंकले, त्यांपैकी हा एक.

दुसऱ्या वर्षीही पहिले बारा सामने गेले. सलग २६ पराभव झाले. मग ११ डिसेंबर १९७७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे सेंट्सच्या तीन फेकी मध्येच पकडून टॅम्पाच्या बचावफळीने तीन टचडाउन केले आणि ३३-१४ असा विजय मिळाला. सेंट्सचे प्रशिक्षक हँक स्ट्रॅम हे सुपर बोल, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाची अंतिम लढत, जिंकलेले गृहस्थ. मोसम संपताच त्यांची नोकरी गेली.

सर्वांत तळच्या संघास नवोदित खेळाडूंची पहिली निवड द्यावयाची, ही लीगमधील १९३६ पासूनची वहिवाट. पुढे डेट्रॉइट (२००८) व क्लीव्हलँड (२०१७) यांनी सोळापैकी सोळा सामने गमावले, तेव्हा त्यांनाही हाच मोबदला मिळाला. टॅम्पाने पहिल्याच वर्षी ली रॉय सेल्मन निवडला होता, ज्याला १९९५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये स्थान लाभले. १९७७ मध्ये टोनी डॉर्सेटला डावलून मॅके यांनी आपला जुना शिष्य रिकी बेल घेतला, यावर टीकाही झाली; पुढच्या साली क्वार्टरबॅक डग विल्यम्स आला. १९७९ मध्ये हाच संघ दहा सामने जिंकून, फिलाडेल्फियाला नमवून, सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि तेथे लॉस एंजेलिसकडून ९-० असा अडला.

म्हणजे कागदाने जे हिरावले, ते कागदाने बऱ्याच अंशी परतही केले. परंतु लीगच्या दूरचित्रवाणी-करारांचे उत्पन्न जय-पराजय न पाहता सर्व संघांत वाटले जाते, हेही त्याच कागदावर लिहिलेले होते. जिंकण्यासाठी पैसा ओतण्याची मालकाला निकड नव्हती, आणि कल्व्हरहाउस हिशेबी होते. १९८३ मध्ये विल्यम्सच्या मोबदल्याची बोलणी फिसकटली व तो दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला. पुढे जानेवारी १९८८ मध्ये त्याने वॉशिंग्टनला सुपर बोल जिंकून दिला. टॅम्पाने तो गेल्यानंतरच्या मोसमात सोळांपैकी दोन सामने जिंकले, आणि १९९६ पर्यंत एकाही मोसमात त्या संघाचे विजय पराभवांच्या बरोबरीला आले नाहीत.