सापेरावी : जॉर्जियाची गडद लाल वाइन

माहेर : पूर्व जॉर्जियातला काखेती प्रांत, अलाझानी नदीचं खोरं. या देशात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वाइनचे पुरावे सापडले आहेत.

रंग : ‘सापेरावी’ म्हणजे रंग देणारी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो. सापेरावीच्या द्राक्षाचा गरही लाल. पेला उजेडाला धरला तरी पलीकडचं दिसणं मुश्कील.

रांजण : परंपरेनं ती ‘क्वेव्री’त होते. अंड्याच्या आकाराचा हा मातीचा रांजण आतून मधमाशीच्या मेणानं सारवून, आपल्याकडच्या पेवासारखा गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. रस सालांसकट तिथंच आंबतो. २०१३ साली ही पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

लेबल वाचताना : ‘मुकुझानी’ कोरडी, ‘किंदझमारौली’ निमगोड. दोन्ही सापेरावी द्राक्षाच्याच.

तिथलं ताट : द्राक्षवेलीच्या काटक्यांच्या निखाऱ्यावर भाजलेलं मांस, म्हणजे ‘म्त्स्वादी’. वाइनचा आंबटपणा चरबीचा जडपणा मोडतो. शाकाहाऱ्यांसाठी अक्रोड-लसणाचं वाटण भरलेली वांग्याची गुंडाळी, ‘बद्रिजानी’.

आपलं ताट : सुकं मटण किंवा शेंगदाण्याच्या कुटाची भरली वांगी. मसाला मात्र बेतानं. झणझणीत तांबड्या रश्श्यापुढे तिचा तुरटपणा जास्तच बोचतो.

ओतण्याआधी : १६ ते १८ अंश तापमान उत्तम. आपल्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.