डीपी काढलास का रे?

मावशीचा फोन सकाळी सव्वासातला. “डीपी काढलास का रे? घरी सगळं बरं आहे ना?” झालं होतं एवढंच, की आदल्या रात्री जुना फोटो काढला आणि नवा लावण्याआधी डोळा लागला. रात्रभर त्या गोलात करडी बाहुली. तेवढ्यावरून मावशीने आजारपण, भांडण आणि नोकरी असे तीन तर्क लढवले होते.

माणसं स्वतःला कशी मांडतात हे न्याहाळायचा नाद मला बारा-एक वर्षांपासूनचा. मागचं थोडं उरकून घेतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन शेटलंड बेटांवर राहिला, तिथल्या हॉटेलातले वाढपी स्वयंपाकघरात एक आणि पाहुण्यांपुढे दुसरेच असतात हे त्याने पाहिलं आणि १९५६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मग २००४ मध्ये ऑर्कुट आलं, २०१४ मध्ये गेलं. फेसबुक, इन्स्टाग्राम तुम्हाला ठाऊकच आहेत. माझा जीव मात्र व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकलाय. तिथे बघणारे बहुतेक आपल्या फोनच्या यादीतले, म्हणजे थापा पचायला अवघड.

गंमत अशी, की व्हॉट्सअ‍ॅप जन्मलं तेच स्टेटससाठी. २००९ मध्ये त्याचा एक संस्थापक यान कूम याच्या डोक्यात होतं ते नावापुढे ‘जिममध्ये आहे’, ‘बॅटरी संपत आलीय’ अशी पाटी लावण्याचं. लोक त्या पाट्यांवरूनच एकमेकांशी बोलू लागले आणि निरोप धाडणं नंतर आलं. २०१७ च्या फेब्रुवारीत चोवीस तासांनी पुसली जाणारी चित्रं आणून कंपनीने जुनी पाटी काढली, तर जगभर एवढी ओरड झाली की काही आठवड्यांत ती परत लावावी लागली.

डीपी वाचायला मी मावशीकडून शिकलो. जोडप्याचा फोटो जाऊन एकटीचा आला, की ती त्या मुलीला फोन करत नाही, तिच्या आईला करते. काळा गोल म्हणजे कुणीतरी गेलं. बारावीच्या वर्षी डीपी गायब, अभ्यासाची शपथ. स्वामी समर्थ आणि शिवराय कायमचे मुक्कामी. आणि पन्नाशीपुढच्या कितीतरी बायकांच्या नावाशी गुलाब, मोर, नाहीतर दारातली रांगोळी. याला बुजरेपणा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. सोसायटीच्या, भिशीच्या, नातवाच्या शाळेच्या ग्रुपांत शे-दोनशे अनोळखी नंबर असतात. त्यातला कुणीही फोटो मोठा करून बघू शकतो, हे मोर लावणारीला नेमकं कळलेलं असतं.

गेल्या मे महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत मुद्दाम जाऊन आलो. मागचा रंगवलेला पडदा अजून टांगलेला: धबधबा, दोन हंस, संगमरवरी जिना. कोपऱ्यात वायर तुटलेला काळा टेलिफोन. मालक म्हणाले, “घरी फोन नसलेला माणूस इथे येऊन आमचा कोट घालायचा, रिसीव्हर कानाला लावायचा आणि फोटो काढून न्यायचा. आता पासपोर्ट साइजपुरतीच गिऱ्हाइकं.” आज चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावून, मोबाइल कानाला धरून उभे असलेले वाढदिवसाचे ‘भाऊ’ आणि खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे दिसले, की मला तो वायर तुटलेला फोन आठवतो. स्टेटस हा त्याच फ्लेक्सचा खिशातला भाऊबंद. मित्राच्या वाढदिवसाला त्याचा फोटो स्टेटसला ठेवला नाही, तर दोन दिवस अबोला. कुणी बघितलं याची यादी खाली असतेच. चौकातल्या फ्लेक्सवाल्याला ही सोय नाही.

पण खरी मजा बघणाऱ्यांच्या यादीत नाही, वगळलेल्यांच्या यादीत आहे. एकाच फोनमध्ये साहेब, मामा, वर्गमित्र आणि गोव्याच्या सहलीतली टोळी. गॉफमनच्या वाढप्याला स्वयंपाकघराचं दार तरी होतं, इथे ते आपणच बांधायचं: ‘अमुक लोक सोडून’. माझा वीस वर्षांचा भाचा तसा देवळाचे फोटो आणि ट्रेकचे धबधबे टाकणारा. त्याला म्हटलं, लेखासाठी तुझी ती यादी दाखव. त्याने आढेवेढे घेतले, मग फोन पुढे केला. सत्तावीस नावं होती. वरून तिसरं मावशीचं, आणि तिच्या खाली माझं.