शिवेवरचं वऱ्हाड (भाग ७) : वर्धेचे दोन काठ, दोन दप्तरं

मागच्या आठवड्यात आपण गाविलगडावर होतो. आज थेट वऱ्हाडच्या पूर्वेच्या टोकाला, तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरला. लोकांसाठी हे रुक्मिणीचं माहेर. पुरातत्त्ववाल्यांसाठी मोरेश्वर दीक्षितांनी १९६२ ते ६४ या काळात खणलेलं पांढरीचं टेकाड. घाटावर उभं राहिलं की समोर वर्धा नदी, आणि पलीकडचा काठ आर्वी तालुक्याचा.

या पाण्यातून एके काळी सरहद्द जात होती. डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. १८२२ मध्ये वर्धा हीच वऱ्हाडची पूर्वसीमा म्हणून पक्की झाली. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे सरहद्द मिटून शंभरावर वर्षं झाली. तरी आजही अमरावती महसूल विभाग याच नदीवर संपतो आणि पलीकडून नागपूर विभाग लागतो.

अशीच मिटलेली सरहद्द जर्मनीत आहे. तिथली फाळणीची सीमा १,३९३ किलोमीटरची होती. तारेच्या कुंपणामुळे तिथे माणूस फिरकला नाही, रान वाढलं. डिसेंबर १९८९ मध्ये, बर्लिनची भिंत पडून जेमतेम महिना झालेला असताना, दोन्हीकडचे निसर्ग अभ्यासक हॉफ गावी जमले आणि तो पट्टा राखायचं ठरलं. आता तिथे टेहळणीचे मनोरे आणि दुर्मीळ पक्षी एकाच नकाशावर दाखवतात. आपल्याकडे कुंपण नव्हतं. आपल्या सरहद्दीने मागे ठेवले ते कागद, आणि तेही दोन तऱ्हांचे.

नदीच्या अल्याडचा एक चराईचा तुकडा घ्या. हिवर, बोरी, तरोटा, कुसळी. पल्याडही हेच. पण इकडे मुंबई इलाख्याच्या धर्तीची मोजणी आणि रयतवारी, म्हणून दप्तरी तो ‘ई-क्लास’. तिकडे मालगुजारी होती. १९५० च्या कायद्याने ती गेली, मालगुजारांच्या पडीत जमिनी सरकारजमा झाल्या आणि निस्तार पत्रकांत (गावाच्या सामायिक वापराच्या जमिनींच्या नोंदींत) त्यांतल्या कितीतरी ‘झुडपी जंगल’ म्हणून चढल्या. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं सांगितलं. तो निकाल नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांपुरता. कौंडण्यपूरकडच्या ई-क्लासचा त्यात प्रश्नच नव्हता. एकाच रानाचा अर्धा भाग वन, उरलेला गायरान! आणि २०१८ च्या ऑक्टोबरात चंद्रपूरकडून वर्धा ओलांडून धामणगाव रेल्वे तालुक्यात आलेला वाघ? त्याच्या तावडीत इथे माणसं गेली, डिसेंबरात तो थेट बैतूल जिल्ह्यात सारणीला पकडला गेला. त्याची वाट अशाच तुकड्यांमधून गेली असणार, पण ती एका कागदावर काढायची तर आधी दोन विभागांची दप्तरं उघडायला लागतात.

तीच गत जुन्या पुस्तकांची. वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर १९०६ चं, अमरावतीचं १९११ चं. प्रत्येकात नदी आपल्या काठावरून पाहिलेली. जैवविविधता कायद्याखाली गावोगावी झालेल्या लोकनोंदवह्याही ग्रामपंचायतीच्या शिवेवर थांबतात. रेतीवर अंडी घालणारी टिटवी कोणत्या पंचायतीच्या वहीत लिहायची?

दोन काठांचे हे कागद जोडायचे कसे? मला या जोडकामातली एक गोष्ट फार आवडते. जुना गावनकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा तर न हललेल्या खुणा लागतात. नदी उपयोगाची नाही, ती पात्र बदलते. धुरेही मोडतात, पांदणी अतिक्रमणात जातात. टिकतात त्या बांधलेल्या विहिरी, देवळांचे चौथरे, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथले दगड. म्हणजे चराईच्या रानाचा नकाशा नेमका करायचा तर आधी वारशाची यादी हवी. उलटही खरं आहे. नकाशा एकदा बसला की जुन्या पात्राचा काठ दिसतो, आणि जुन्या वस्तीच्या काळ्या-तांबड्या खापऱ्या नांगराखाली नेमक्या कुठे वर येतात हे त्याच्याशी ताडून पाहता येतं.

याला मोठा प्रकल्प लागत नाही. कौंडण्यपूर आणि समोरचा काठ, एवढ्या दोन-चार गावांचे गावनकाशे, इकडची हक्कनोंदणी, तिकडची निस्तार पत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) एका टेबलावर आले तरी पुरे. अडचण तांत्रिक कमी, टेबल कोणत्या जिल्ह्यात मांडायचं ही जास्त.

पुढच्या भागात वऱ्हाडची दक्षिणसीमा, पैनगंगा : २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघून तेलंगणामार्गे ज्ञानगंगेला पोहोचलेल्या, रेडिओ-पट्टा लावलेल्या वाघाच्या मागोमाग.